रिकामी बरणी परत देत नाहीत

"कसं झालंय?" हा प्रश्न माझ्या मोठ्या जाऊबाईंना विचारून आजवर एकही माणूस सुखी झालेला नाही. आमच्या घरात नव्या सुनेला कुलदैवत, कुळाचार वगैरे सावकाश सांगतात. आधी हे सांगायला हवं की मोठीला पोटभर वाढ, पण विचारू मात्र नकोस. मला ते कुणी सांगितलं नाही. सासूबाईंना बहुतेक गंमत बघायची असावी. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी बासुंदी केली. दूध आटवता आटवता माझे दंड भरून आले होते. सगळ्यांनी वाटी चाटूनपुसून ठेवली आणि मी, नवी नवरी, लाडात येऊन जाऊबाईंना विचारलं. त्यांनी आणखी एक चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "चव चांगली आहे. पण ही बासुंदी नाही." मग काय आहे, असं मी रडवेल्या आवाजात विचारलं. "गोड दूध," त्या म्हणाल्या. "गोड दूध म्हणून उत्तम आहे." आणि दुसरी वाटी मागून घेतली. त्या बाईवर धड रागावताही येत नाही, हीच तर खरी पंचाईत आहे.

यात त्यांचा दोष निम्माच आहे. उरलेला निम्मा नोकरीचा. एका प्रयोगशाळेत खाण्याच्या वस्तूंचे नमुने तपासण्यात त्यांचा जन्म गेला. हळदीत काय मिसळलंय, तूप कशाचं आहे, पेढा कधीचा आहे, हे दिवसभर बघणारी बाई घरी येऊन आमटीकडे प्रेमानं बघेल ही अपेक्षाच चूक. कोथरूडमधले निम्मे वाणी त्यांना लांबून ओळखतात. त्या दुकानात शिरल्या की पोरगा न सांगता मागच्या फळीवरचा ताजा माल काढतो, कारण पुढचा काढला तर त्या पिशवीतून भिंग काढतात आणि पाकिटावरची तारीख मोठ्यांदा वाचतात, तीही बाकीची गिऱ्हाइकं ऐकत असताना. एका लग्नात त्यांनी मठ्ठ्याचा घोट घेतला आणि आचाऱ्याला बोलावून शांतपणे सांगितलं की आलं जुनं आहे. तो बिचारा दुसऱ्या दिवशीही फोन करून दिरांना विचारत होता की बाई कुठल्या खात्यातल्या. आमचे दीर अबोल आहेत. त्यांना एकदा मी विचारलं की तुम्ही कसं हो निभावलंत. तर म्हणाले, "बघायला गेलो होतो तेव्हा हिच्या आईनं आत जाऊन विचारलं, मुलगा कसा वाटला. मी बाहेरून ऐकलं. ही म्हणाली, चालेल." मग अभिमानानं म्हणाले, "त्याच्यावरचा शेरा तिनं अजून कुणाला दिलेला नाही."

आता समोरच्या वहिनींबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय पुढचं काही घडलं नसतं. जाऊबाईंच्या जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर दोनच दारं होती, समोरासमोर. एक यांचं, दुसरं वहिनींचं. समोरच्या वहिनी म्हणजे सगळं उलट. स्वयंपाकघरात मोजमाप म्हणून वस्तूच नाही. मूठ, चिमूट आणि "येतंच की अंदाजानं" यावर त्यांनी पन्नास पन्नास माणसांच्या पंगती उठवल्या. दोन्ही दारं सकाळी उघडायची ती झोपताना बंद व्हायची, आणि मधल्या पॅसेजमधून दिवसभर वाट्यांची ये-जा चालायची. इकडून भरून गेलेली वाटी तिकडून रिकामी यायची नाही. आपल्याकडे रिकामं भांडं परत देत नाहीत. काही नाही तर चिमूटभर साखर घालतात. त्यामुळे एकदा सुरू झालेली वाटी थांबायचीच नाही. कुठली वाटी मूळची कुणाची, हे त्या दोघींनाही शेवटी शेवटी सांगता येत नव्हतं.

जाऊबाई निवृत्त झाल्या तेव्हा वहिनींनी त्यांना मोठी काचेची बरणी भरून लिंबाचं लोणचं दिलं. बरणी साधी नव्हती, वहिनींच्या आईची होती. जाड काच, किंचित हिरवट, आणि वर काचेचंच जड झाकण, घट्ट बसणारं. मैत्रिणीलाच द्यावी अशी वस्तू. आणि पुढच्या संक्रांतीला, वहिनींच्याच घरी, हळदीकुंकवाला जमलेल्या सगळ्या बायकांसमोर, वहिनींनी अत्तर लावता लावता सहज विचारलं, "काय हो ताई, लोणचं कसं झालंय?"

मी तिथेच होते. मी जाऊबाईंच्या कोपराला चिमटा काढला, पण त्यांना वाटलं मला तिळगूळ हवाय. "चव सुरेख होती," त्या म्हणाल्या. "पण वर बुरशी आली. मीठ कमी पडलं, नाहीतर लिंबं पुसताना ओली राहिली असतील."

खोलीतल्या बांगड्यासुद्धा वाजायच्या थांबल्या. समोरच्या वहिनींनी अत्तर लावायचं पूर्ण केलं. गुलाबपाणी शिंपडलं. वाण हातात ठेवलं. रीतभात सगळी, तसूभरही कमी नाही. आणि जाऊबाई बाहेर पडल्यावर त्यांच्यामागे दार लावून घेतलं. त्या दिवसापासून ते दार बंदच राहिलं.

"मी खोटं बोलले का?" जाऊबाई मला विचारायच्या. नाही. "त्यांनी विचारलं की नाही?" विचारलं. "मग?" आता याला काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, "ताई, एक फोन करा आणि चुकलं म्हणा." तर म्हणाल्या, "काय चुकलं ते सांग, लगेच म्हणते." दारामागे वहिनी फुगून बसलेल्या, दारासमोर या तत्त्वावर अडून बसलेल्या, आणि पॅसेजमध्ये मी. माझं अक्षरशः पोस्ट ऑफिस झालं होतं.

सगळ्यात मोठा घोळ बरणीचा. बरणी धुतली, उन्हात वाळवली, पुसली. आता परत द्यायची तर रिकामी देता येत नाही, आणि भरायची तर कशानं? साखर घातली तर वाटेल, तुझं तोंड गोड कर म्हणून टोमणा मारते. मीठ घातलं तर, देवा, मग तर संपलंच. लाडू करून भरले तर म्हणतील, बघा, असा असतो बिनबुरशीचा पदार्थ. जाऊबाईंनी एकेक वस्तू मनात बरणीत घालून पाहिली आणि बाहेर काढली. शेवटी बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत जाऊन बसली. दूध तापवताना रोज ती समोर दिसायची, आणि जाऊबाई दुधाकडे बघायच्या.

अशा वेळी माझ्या लेकीनं त्यांना फोनवर एक व्हिडिओ दाखवला. बाटलीतली बाग. काचेच्या बाटलीत माती, शेवाळ, एक-दोन इवली झाडं, पाण्याचा शिडकावा, आणि वर झाकण. बंद. मग कित्येक महिने पाणीसुद्धा घालायचं नाही. आतलंच पाणी वाफ होऊन काचेवर जमतं, आणि तेच खाली उतरतं. जाऊबाईंनी व्हिडिओ संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ओलावा आहे, बंद आहे, आणि सडत नाही? शक्यच नाही." ज्या बाईनं सबंध आयुष्य बंद डब्यात काय काय होतं ते बघितलं, तिला हा उघड उघड खोटेपणा वाटला. तो उघडकीला आणण्यासाठी त्यांनी बाग करायला घेतली. घरात मोठी काचेची बरणी एकच होती.

त्यांनी तळाला घालायचे खडे कुकरमध्ये शिट्ट्या देऊन उकळले. दीर भात झाला समजून ताट घेऊन बसले होते. इस्त्रीवाल्याकडून कोळसा आणला, फोडला, धुतला. माती ओव्हनमध्ये भाजली. सोसायटीच्या मागच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीपाशी, पावसाळ्यात हिरवंगार शेवाळ धरतं आणि फटींतून नेच्याची बाळं डोकावतात. ती त्यांनी उलथन्यानं अशी अलगद सोडवली की जणू तव्यावरचं धिरडं. मग विणायच्या सुया आणि चिमटा घेऊन सगळं आत लावलं, झाकण घातलं, आणि खुर्ची ओढून समोर बसल्या.

आठवड्याच्या आत बुरशी आली. पांढरी, लुसलुशीत, नेच्याच्या अंगावर कापूस पिंजून टाकल्यासारखी. मी गेले तेव्हा बरणी खिडकीत नव्हती. मागच्या गॅलरीत टॉवेलखाली होती. मी टॉवेल उचलला. जाऊबाई म्हणाल्या, "नमुना खराब होता." सगळं उपसून, पुन्हा उकळून, पुन्हा लावलं. पुन्हा बुरशी. या वेळी त्यांच्याकडे कारणच नव्हतं. खडे उकळलेले, माती भाजलेली, हात साबणानं धुतलेले, आणि तरी आली. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे कुणाला बोलू नकोस." मी म्हटलं नाही बोलणार. मला पहिल्यांदाच त्यांची दया आली, आणि खरं सांगू, थोडं बरंही वाटलं. बासुंदी मी विसरले नव्हते.

माझ्या लेकीनं मग आणखी थोडं शोधून सांगितलं की भाजलेली माती हीच चूक. कुजक्या पानांच्या जिवंत मातीत डोळ्यांना जेमतेम दिसतील असे पांढरे किडे असतात, तेच आतली बुरशी खाऊन टाकतात. अशी माती सबंध सोसायटीत एकाच ठिकाणी होती, पॅसेजमध्ये, समोरच्या वहिनींच्या कुंड्यांत. त्या कुंड्यांत वहिनी वर्षानुवर्षं भाजीची देठं, चहाचा चोथा, सुकलेली पानं, काय वाटेल ते अंदाजानं टाकत आल्या होत्या. मागायची तर सोय नाही. एका दुपारी जाऊबाई चमचा आणि वाटी घेऊन बाहेर गेल्या आणि पाच मिनिटांत आत आल्या, कपाळावर घाम.

नंतर मी वहिनींकडे गेले तर त्यांनी मला बसवलं, पोहे दिले, आणि म्हणाल्या, "तुमच्या जाऊबाई माझ्या कुंडीतली माती चोरतात. मी दाराच्या भिंगातून बघितलं." मी पोह्यांतली मिरची शोधायला लागले. "चोरू देत हो," त्या म्हणाल्या. "पण नेल्यावर मागची माती चमच्यानं सारखी करून, थोपटून जातात, ते मला बघवत नाही." आणि पदरानं नाक पुसलं. पण लगेच सावरल्या. बरणीत काय चाललंय हे त्यांना कामवाल्या बाईकडून कळलेलं होतंच. "माझ्या बरणीत आपोआप आलं ते चाललं नाही," म्हणाल्या, "आता त्याच बरणीत शेवाळ हौसेनं लावतायत. करा म्हणावं."

तिसऱ्या वेळची बाग लागली. आणि काय लागली! नेच्यानं एकेक मूठ उघडावी तशी पानं उघडली, शेवाळ मखमलीसारखं चढलं, सकाळी काचेवर आतून दव धरायचं आणि दुपारपर्यंत खाली उतरायचं. जाऊबाईंचा दिवस त्या दवाकडे बघून सुरू व्हायचा. थोडं असेल तर ठीक, सगळी काच घामेजली तर पाणी जास्त, अजिबात नसेल तर कमी. बरणीला ऊन लागायचं नाही, पण उजेड हवा. रोज पाव फेरी फिरवायची. तिच्याजवळ उदबत्ती लावायची नाही. शिंकायचंही नाही, असं त्यांनी दिरांना सांगितलं होतं; बिचारे बंद काचेपासून तोंड फिरवून शिंकायचे. एकदा सोलापूरच्या आत्या राहायला आल्या. त्या पहाटे अंघोळ करून तुळशीला पाणी घालतात, ते घालून झाल्यावर त्यांना या कोंडून ठेवलेल्या झाडाचा कळवळा आला. जड झाकण दोन्ही हातांनी काढलं आणि तांब्या रिकामा केला, वर हळदीकुंकू वाहिलं. जाऊबाई उठून बघतात तर आत तळं. आत्यांना एक अक्षर बोलल्या नाहीत. झाकण काढून ठेवलं आणि विणायच्या सुईला कापूस गुंडाळून दिवसभर पाणी टिपत बसल्या. आत्या शेजारी बसून म्हणाल्या, "बघ, किती तहानलं होतं."

आता यात काळजी घ्यायची म्हणजे काय, तर बहुतेक वेळ काही करायचंच नाही. हे त्यांना सगळ्यात जड गेलं. भिंग घेऊन बसायचं, पण हात लावायचा नाही. खोट दिसली तरी लगेच सुई घालायची नाही, दोन दिवस थांबायचं, बहुतेक वेळा आपोआप निस्तरतं. हे त्या मला सांगायच्या तेव्हा मी समोरच्या बंद दाराकडे बघायची.

अशातच सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. पुण्यात आता कुणाला याचं नवल नाही. सह्या झाल्या, बिल्डरचे फलक लागले, घरं खाली करायची ठरली. जाऊबाईंनी कोथरूडमध्येच भाड्यानं जागा घेतली. समोरच्या वहिनी मुलाकडे निघाल्या, हडपसरच्या पुढे. मुलगा म्हणत होता, आई आता इकडेच राहू दे. म्हणजे पुन्हा समोरासमोर येणं नाहीच, हे दोघींनाही कळलं होतं. आणि बरणी वहिनींच्या आईची. ती आता द्यायलाच हवी होती.

मी म्हटलं, दुसरी बरणी आणू, बाग तिकडे हलवू, ही धुऊन देऊ. जाऊबाई म्हणाल्या, "उपटली तर नेचा मरेल." मग थोड्या वेळानं, "आणि रिकामी कशी देऊ?" त्या रात्री जेवल्या नाहीत, असं दीर म्हणाले. मी त्यांना ओळखते. बागेची काळजी होतीच, पण तिच्यापेक्षा मोठी काळजी ही होती की बरणी दिली की त्या बाईंशी असलेला शेवटचा व्यवहारही संपला.

वहिनींचा टेम्पो भरून झाला तेव्हा जाऊबाईंनी बरणी आपल्या शालीत गुंडाळली, पॅसेज ओलांडला आणि बेल वाजवली. ती बेल वाजते कशी हे त्यांना माहीत नव्हतं, त्या दचकल्या. दार उघडलं.

"तुमची बरणी," जाऊबाई म्हणाल्या.

वहिनींनी शाल बाजूला केली. बराच वेळ बघितलं. "रिकामी दिली असतीत तरी चाललं असतं," म्हणाल्या.

"नसतं चाललं." आणि लगेच जाऊबाईंनी पाठ म्हणून दाखवल्यासारखं सुरू केलं. "पाणी घालायचं नाही. उन्हात ठेवायची नाही. झाकण उघडायचं नाही."

"मग करायचं काय?"

"बघायचं."

वहिनींनी मान डोलावली. आणखी काही बोलायचं होतं दोघींना, हे मलाच काय, टेम्पोवाल्यालाही कळलं असतं. पण खालून हॉर्न वाजला. आम्ही गॅलरीतून बघत होतो. वहिनींनी बरणी टेम्पोत दिली नाही. मुलाच्या गाडीत पुढे बसून मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरून. गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "झाकण सैल नाही ना होणार खड्ड्यांत?" आणि आत जाऊन नळ सोडून उभ्या राहिल्या. तो बराच वेळ वाहत होता.

नव्या जागेत त्यांचं मन काही लागेना. दुसरी बाग केली नाही. समोरच्या फ्लॅटमध्ये आयटीतली मुलं राहतात; त्यांचं जेवण डब्यांतून येतं आणि डबे कचऱ्यात जातात, कुणाला काही परत द्यायचं नसतं. "चांगली आहेत मुलं," जाऊबाई म्हणायच्या, आणि दूध तापवताना रिकाम्या खिडकीकडे बघायच्या. त्यांनी भिंगसुद्धा कपाटात ठेवून दिलं. माझ्या हातची भाजी काही न बोलता खाल्ली, तेव्हा मात्र मी घाबरले.

एका दुपारी आम्ही चहा घेत होतो आणि त्यांचा फोन वाजला. फोन कानाला लावला की कान तापतो असं त्यांचं मत असल्यानं त्या नेहमी स्पीकरवर बोलतात, म्हणून मला ऐकायला मिळालं.

"ताई, मी बोलतेय."

"बोला, वहिनी."

"बुरशी आलीय." वहिनींचा आवाज असा, की पोलिसांत कबुली देतायत. "मी काही केलं नाही हो. पाणी नाही, ऊन नाही. झाकणाला हातही लावलेला नाही. तरी आली."

मी कप खाली ठेवला. आता अभिप्राय येणार. जागा कुठली, उजेड किती, ओल्या फडक्यानं बरणी पुसली होती का. दिरांनी पेपर वर घेतला, सबंध चेहरा झाकेपर्यंत. जाऊबाईंनी चष्मा काढला.

"येते," त्या म्हणाल्या.

"येते?"

"माझ्याकडेही आली होती. दोनदा. सगळं उकळून, भाजून घेतलं होतं तरी." त्यांनी चष्म्याची काडी उघडली, मिटली. "काही चुकलेलं नसतं, वहिनी. तरी येते कधीकधी. मला तेव्हा माहीत नव्हतं."

दिरांचा पेपर हलायचा थांबला होता. मग वहिनींचा आवाज आला, कोरडा ठणठणीत, अगदी जुना.

"मग मीठ घालू का थोडं?"

जाऊबाई हसल्या. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलेलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी, पदराचा बोळा तोंडावर, आणि दीर पाण्याचा पेला घेऊन उभे. हसू आवरल्यावर म्हणाल्या, "झाकण काढून ठेवा दुपारभर. वारा लागू दे. मग सुईला कापूस गुंडाळून हलक्या हातानं..."

"मला सुई जमत नाही," वहिनी म्हणाल्या. "तुम्हीच या."

त्या रविवारी जाऊबाई बसनं स्वारगेटला गेल्या, तिथून दुसरी बस पकडून हडपसरच्या पुढे. सोबत विणायच्या सुया, कापूस, भिंग. आणि आता महिन्यातून एकदा जातात. बागेला एवढं बघण्यासारखं काही नसतं, हे आम्हाला माहीत आहे, दिरांना माहीत आहे, आणि बागेलाही माहीत असावं. बसमध्ये त्यांचे गुडघे दुखतात. रात्री शेक घेताना म्हणतात, पूर्वी एक पॅसेज होता मध्ये. त्या पॅसेजच्या जागी आता पत्र्यांच्या कुंपणाआड एक खोल खड्डा आहे; मी तिकडून जाते तेव्हा उगाचच तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर बघते. तिथे एक पतंग अडकलेला असतो तारेला, बाकी काही नाही.

मागच्या खेपेला त्या येताना छोटी बाटली घेऊन आल्या. लिंबाचं लोणचं, नवं. आम्ही वरणभाताबरोबर घेतलं. जाऊबाईंनी बोट चाटलं, डोळे मिटले. इतक्या वर्षांत मी शहाणी झालेली नाही, तेव्हा मी विचारलंच, "कसं झालंय?"

त्यांनी आधी फोन बंद आहे ना हे बघितलं.

"मीठ कमी आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पण त्यांना सांगू नकोस."

बाटली संपली की त्या धुऊन खिडकीत ठेवणार आहेत. परत जाताना काय घालायचं, याचा विचार त्यांनी आत्तापासूनच सुरू केलाय.